सेन्सर नवा, तरी इंजिन मुके

सेल्फ मारल्यावर इंजिन जोमाने फिरते पण सुरू होत नाही, स्कॅनरवर क्रँक सेन्सरचा कोड दिसतो, म्हणून नवा सेन्सर बसवला जातो आणि तरीही गाडी जागची हलत नाही, अशा वेळी दोष बहुधा नव्या सेन्सरचा नसून कोडच्या वाचनाचा असतो. पी ०३३५ हा कोड क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड असल्याचे सांगतो, सेन्सर खराब असल्याचे नव्हे; आणि सर्किट म्हटले की त्यात सेन्सरबरोबरच त्याच्या तारा, कपलर, अर्थिंग आणि दुसऱ्या टोकाला असलेला ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, हे सारेच येते.

या सेन्सरचे काम क्रँकशाफ्टसोबत फिरणाऱ्या दातेरी चाकावर नजर ठेवण्याचे असते. अनेक गाड्यांत या चाकावर ६० दात्यांची जागा असून दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात, आणि त्या रिकाम्या जागेवरून पिस्टन कुठे आहे हे ईसीएम ओळखतो. हा सिग्नल न मिळाल्यास पेट्रोल गाडीत तो प्लगला करंट देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून पॉइंट डोळ्यांनी पाहता येत. आताच्या गाडीत तसे पाहण्याजोगे काही उरलेले नाही, त्यामुळे मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

पहिले मोजमाप बॅटरीचे असते. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी स्थिर स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली गेला तर ईसीएमचे काम बिनसू शकते. त्यानंतर सेल्फ मारत असतानाच स्कॅनरवर इंजिनाचे आरपीएम पाहावेत: दीडशे-दोनशेच्या आसपास आकडा दिसला तर क्रँकचा सिग्नल पोहोचतो आहे, आणि दोष इंधनपंपाच्या रिलेत, इमोबिलायझरमध्ये किंवा सरकलेल्या टायमिंग चेनमध्ये शोधायला हवा. आकडा शून्यच राहिला तर क्रँक सेन्सरचा कपलर काढून त्यापर्यंत काय येते ते तपासणे भाग असते.

हॉल प्रकारच्या सेन्सरला तीन तारा असतात, एक वीजपुरवठ्याची, एक अर्थिंगची आणि एक सिग्नलची. काही गाड्यांत ईसीएमकडून येणारी पाच व्होल्टची एकच लाइन अनेक सेन्सरांना वाटून दिलेली असते. त्यांपैकी एखादा शॉर्ट झाला की साऱ्या लाइनचे व्होल्टेज कोसळते, आणि दोष भलत्याचाच असताना कोड क्रँक सेन्सरच्या नावावर येऊ शकतो. मीटर त्या लाइनवर लावून इतर सेन्सरांचे कपलर एकेक करून काढत गेले, तर ज्याच्या वेळी पाच व्होल्ट परत येतात तो गुन्हेगार सापडतो. दोन तारांच्या इंडक्टिव्ह सेन्सरला असा पुरवठा लागत नाही. तो चुंबक आणि कॉइल यांच्या बळावर स्वतःच सिग्नल निर्माण करतो, मात्र दातेरी चाकापासूनचे त्याचे अंतर वाढले की तो सिग्नल क्षीण होतो.

मुंबईतल्या साकीनाक्यासारख्या सखल परिसरात वायरिंगकडे आधी पाहण्याला आणखी एक कारण आहे. मिठी नदी या भागातूनच वाहते, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हा उपनगरांतील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. एवढा पूर सोडाच, गुडघाभर साचलेल्या पाण्यातून गाडी गेली तरी पाणी कपलरमध्ये शिरते, तारांच्या आवरणाखाली झिरपत जाते आणि तांब्यावर हिरवा कळंक चढतो. अशा तारेचा एखादाच पदर शाबूत असला तरी मल्टिमीटरचा बझर वाजतो, कारण मीटर तिच्यातून अगदी किंचित करंट सोडतो. म्हणून पुरवठ्याची आणि अर्थिंगची तार लहान बल्बचा लोड देऊन तपासणे अधिक खात्रीचे असते. सेल्फ मारताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिन यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंगची केबल संशयास्पद मानावी. उंदरांनी कुरतडलेल्या तारा हा पावसाळ्यातला वेगळाच उपद्रव.

तार जोडल्यावर गाडी सुरू झाली, तर काढून ठेवलेला जुना सेन्सर परत लावून पाहता येतो आणि बऱ्याचदा तो ठणठणीत निघतो. नव्या सेन्सरचे पैसे मात्र सहसा अडकतात, कारण विकलेला इलेक्ट्रिकल माल बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत.