मक्ता आणि एकाधिकार : वऱ्हाडच्या कापूसव्यापारांतील एक प्रकरण

जुन्या दप्तरांत ‘मक्ता’ हा शब्द वारंवार आढळतो. एखाद्या बाबीचें उत्पन्न वा व्यवहार सरकारनें ठराविक रकमेवर एकास लावून द्यावा, तो मक्ता. घेणारा तो मक्तेदार. म्हणजे मक्त्याचें मूळ सरकारांतच असे. पुढें ‘मक्तेदारी’ या शब्दास, व्यापाऱ्यानें बाजार एकट्याच्या मुठींत धरणें, हा अर्थ आला. आणि सरकार स्वतः तेंच करूं लागलें तेव्हां त्यास ‘एकाधिकार’ हें निराळें नांव मिळालें. नांवें दोन झालीं, तरी वस्तु दोन आहेत काय, हें अमरावती-अकोल्याच्या कापसावरून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वऱ्हाड सन १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) विलायतेच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला, तेव्हां येथील कापसास मोठी मागणी आली. बाजार वाढले तसे दलाल, अडते व मापाडी यांचे हातहि वाढले. सन १८९७ मध्यें वऱ्हाडाकरितां कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. नेमलेल्या बाजारावर समितीची देखरेख असावी, दलाल-मापाड्यांस परवाना असावा, असा त्याचा रोख होता. समित्यांवर व्यापाऱ्यांचेंच वर्चस्व राहिलें, हा त्याचा दोष. परंतु सरकारनें येथें पंचाचें काम पत्करिलें होतें, स्वतः तागडी हातीं धरली नव्हती.

पाऊणशें वर्षांनीं चित्र पालटलें. केंद्र सरकारचा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम सन १९६९ चा. आर्थिक सत्ता थोड्यांच्या हातीं एकवटूं नये, हा त्याचा उद्देश. सन १९७१ मध्यें महाराष्ट्रानें कच्च्या कापसाचा कायदा केला व १९७२-७३ च्या हंगामांत एकाधिकार खरेदी सुरू केली. शेतकऱ्यानें आपला कापूस सरकारच्या वतीनें खरेदी करणाऱ्या सहकारी पणन संघासच घालावा, इतरांस विकूं नये, असा नियम झाला. एका कायद्यानें मक्तेदारी निषिद्ध, दुसऱ्यानें ती आज्ञापित! तरी यांत कायदेशीर विसंगति नव्हती. सन १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनें, नागरिकांस पूर्णतः वा अंशतः वगळून व्यापार चालविण्याची मुभा सरकारास दिली होती. आणि १९६९ च्या अधिनियमाच्या कलम ३ नें सरकारी व सहकारी उपक्रम त्याच्या कक्षेबाहेर ठेविले होते.

योजनेमागील हेतु खोटा म्हणतां येत नाहीं. हंगामाच्या तोंडीं कापूस एकदम बाजारांत येतो, शेतकऱ्यास देणीं भागवावयाचीं असतात, म्हणून पडेल त्या भावानें तो माल विकतो. संघानें प्रतवारी करून हमीभावानें पहिली रक्कम द्यावी, सरकी काढवून गांठी विकाव्या व नफा उरल्यास तो शेतकऱ्यांसच वांटावा, अशी रचना होती. खाजगी जिनवाल्यांस मजुरीनें काम करून देणें एवढेंच उरलें.

अडचण भावांच्या चढउतारांत निघाली. बाहेर भाव अधिक असे त्या वर्षीं कापूस चोरट्या मार्गानें शेजारच्या राज्यांत जाई. येथील हमीभाव अधिक असे त्या वर्षीं बाहेरचा कापूस आंत येई व तोटा योजनेच्या माथीं बसे. अमरावतीच्या शेतकऱ्यास मध्यप्रदेशाची सीमा जवळ, पण तेथें माल नेण्यास मनाई. एका अडत्यानें ठकविलेला मनुष्य निदान दुसऱ्याकडे जाऊं शके. येथें दुसरें दार कायद्यानेंच लाविलेलें होतें.

सन १९९१ मध्यें केंद्रानें सरकारी उपक्रमांची सूट बहुतांशीं काढून घेतली. सन २००२ मध्यें खाजगी व्यापाऱ्यांस खरेदीची मुभा मिळून एकाधिकार संपुष्टांत आला. स्पर्धा अधिनियमहि त्याच सालचा. त्याच्या व्याख्येंत, सार्वभौम कार्यें वगळतां, सरकारी खातींहि येतात; तथापि कलम ५४ प्रमाणें सूट देण्याचा अधिकार सरकारनें आपल्याकडे राखला आहे.

सारांश, मक्त्याची परीक्षा मालक कोण यावरून न करितां, विकणाऱ्यास दुसरें दार आहे कीं नाहीं, यावरून करणें युक्त होय. या परीक्षेस लागणारा पुरावा कायद्याच्या पुस्तकांत नाहीं. काट्याच्या पावत्या, प्रतवारीचीं पत्रकें, अडत्यांच्या वह्या, जिनांचीं करारपत्रें यांत तो आहे, आणि हे कागद अलीकडचे म्हणून रद्दींत जात आहेत. शेतकऱ्याच्या हातीं किती रक्कम पडली व केव्हां, हें त्याची पावतीच सांगेल. वऱ्हाडांतील संग्राहकांनीं जुन्या सनदांइतक्याच काळजीनें तीहि जपावी, अशी विनंति आहे.