शेत आणि अळूचा वाफा

मातीत हात घातला की मन हलके होते, असे आपण सहज बोलून जातो. नैराश्याने घेरलेल्या माणसाला तर हा सल्ला हमखास मिळतो. त्यावर एक प्रश्न मला अनेक वर्षे छळत आला आहे : माती जर औषध असेल, तर सारे आयुष्य मातीत घालवणारा विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी आत्महत्येपर्यंत का पोचतो?

सल्ला जुना आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी १८१२ साली मनोविकारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णालयात लाकडे फोडणारे, बाग खणणारे रुग्ण पुष्कळदा बरे होतात आणि प्रतिष्ठेपायी ज्यांना कामातून सूट मिळते ते तिथेच खितपत पडतात, अशी नोंद त्यांनी केली. हे निरीक्षण होते, प्रयोग नव्हता.

प्रयोग अलीकडचे आहेत. नेदरलँड्समध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० जणांना आधी ताण येईल असे काम दिले. मग काहींनी अर्धा तास बागकाम केले, बाकीच्यांनी घरात बसून वाचन. कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक दोन्ही गटांत उतरले, पण बागकाम करणाऱ्यांत जास्त. आणि मन पूर्ववत प्रसन्न झाले ते त्यांचेच. अर्थात हे नैराश्याचे रुग्ण नव्हते. रुग्णांबाबतचा अभ्यास नॉर्वेत झाला. तिथे २००८ आणि २००९ मध्ये मिळून ४६ रुग्णांनी शेतांवर १२ आठवडे बागकाम केले. त्यांची लक्षणे सौम्य झाली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे सारे श्रेय बागेला देता येत नाही. तरी सुधारणेचा संबंध दोन गोष्टींशी दिसला : रोजच्या विवंचनांपासून दूर आल्याची भावना, आणि प्रयत्न न करता लक्ष गुंतणे.

नैराश्यात मन त्याच त्या विचारांभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरते. बागेत लक्ष कोंबाकडे, मुंगीकडे, ओल्या मातीकडे वळते. दुसरे असे, की रुग्ण ‘बरे वाटले की उठेन’ म्हणून पडून राहतो. मानसोपचाराची एक मान्य पद्धत याच्या उलट चालते : आधी लहानशी कृती, मग तिच्यामागून उभारी. भिजवून पेरलेली मेथी चार-पाच दिवसांत वर येते. आपल्या हातून काही घडले, याचा तो पुरावा असतो.

आता शेतकऱ्याकडे येऊ. माझे वडील कोरडवाहू शेती करत. पावसाने ओढ दिली की ते बांधापर्यंत जात आणि न बोलता परत येत. न्हाणीमागे आईने सांडपाण्यावर अळूचा वाफा केला होता. त्या दिवसांत वडील तिथे खुरपे घेऊन तासभर बसत. माती तीच, हातही तेच. पण शेतावर कर्ज होते, वर्षाचे पोट होते. अळू जळाला असता तर एक दिवसाची भाजी गेली असती. नॉर्वेच्या रुग्णांना विवंचनेपासून ‘दूर’ येता आले. शेतकऱ्याची विवंचनाच शेतात उभी असते. बागकामाचा गुण केवळ मातीत नाही. तिथले नुकसान परवडते, यात तो आहे असे मला वाटते. म्हणूनच शेतकऱ्याच्या नैराश्यावर बाग हे उत्तर नव्हे. तिथे कर्ज, पाणी आणि भाव यांविषयीच बोलावे लागेल.

इतरांसाठीही बाग ही औषधाची जोड आहे, पर्याय नाही. चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत. जगणे नकोसे वाटू लागले तर कुंडीची वाट न पाहता कोणाशी तरी बोलावे. शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. आणि घरात कोणी असे खचलेले असेल, तर ‘बागकाम कर’ असे त्याला सांगू नका. दोन कुंड्या आणा, त्याच्याशेजारी बसा आणि पहिली मूठ माती तुम्ही घाला.