बसल्या बैठकीतला चेहरा

फेटेवाले आजोबा खुर्चीत बसतात. कुणीतरी त्यांच्या पावलांभोवती खडूने खुणा करतं, म्हणजे मधल्या चहानंतर पाय त्याच जागी यावेत. मग हॉल गप्प होतो. मुंबईत १८५७ साली निघालेल्या जे. जे. स्कूलने समोर माणूस बसवून चित्र काढायची शिस्त रुजवली, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांसारख्यांच्या हाती तिला स्वतःचं वळण मिळालं. आजचं व्यक्तिचित्रणाचं प्रात्यक्षिक म्हणजे त्याच शिस्तीची जाहीर मैफल.

बघणाऱ्याला वाटतं, सगळी करामत हाताच्या वेगाची. पण चित्रकार बराच वेळ डोळे किलकिले करून नुसता बघत असतो. पापण्या मिटत आल्या की सुरकुत्या, भुवईचे केस, चष्म्याची दांडी विरून जातात. उरतात उजेड-सावलीचे चार मोठे आकार. साम्य तिथेच असतं. नाकडोळे मागाहून.

माध्यम बदललं की घाईचा स्वभावही बदलतो. कोळसा सगळ्यात दिलदार: कांडी आडवी घासा, बोटाने पसरवा, हनुवटी चुकली तर फडक्याने झटका. इथे खोडरबरसुद्धा चित्र काढतं, नाकाच्या शेंड्यावरचा उजेड त्यानेच उचलायचा. जलरंगात असले लाड नाहीत. पांढरा म्हणजे कोरा कागद, तो झाकला की गेला. म्हणून फिक्याकडून गडदाकडे जायचं आणि गाल वाळेपर्यंत ब्रश हातात धरून थांबायचं. लोक घड्याळ बघत असताना हे थांबणं फार जड जातं. धीर सुटून कानाला हात घातला, की कानाचा रंग गालात उतरलाच! तैलरंगाची चाल सहसा उलटी: टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात सावल्या आधी, जाड उजेड शेवटी. ओल्यावर ओलं चढत असतं, तेव्हा फटकारा मारून मोकळं व्हावं. घोळत बसलं की चिखल. पेस्टलवाला करडा कागद निवडतानाच निम्मं काम उरकतो, कारण मधली छटा कागदच पुरवतो.

एक सांगायला हवं. फेटा आणि झुपकेदार मिशा सगळ्यांच्या लाडक्या, कारण त्या चित्रकाराला फुकटात तारून नेतात. गुळगुळीत गालांची विशीतली मुलगी बसवा, मग कळेल. ओठाचा कोपरा सुतभर सरकला तरी शेजारीण होते.

वेळ संपते. आजोबा मान मोडत इझलच्या या बाजूला येतात, चित्राकडे बघतात आणि आधी फेटा नीट करतात.