आटे पाडण्यापूर्वी शाफ्टवरील किरकोळ हत्यारखुणांचे निराकरण : वेसाव्याच्या मासेमारी नौकांच्या संदर्भात

प्रस्तावना

मालाड खाडीच्या मुखाशी, मढच्या समोरच्या तीरावर वसलेले वर्सोवा, म्हणजेच कोळी समाजाचे वेसावे, हे मुंबई उपनगरातील मासेमारीचे एक प्रमुख ठिकाण आहे. केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था (स्थापना १९६१, १९८९ पासून अभिमत विद्यापीठ) याच परिसरात आहे. जून-जुलैच्या मासेमारीबंदीच्या काळात येथील नौका किनाऱ्यावर शाकारल्या जातात. लाकूडकाम, रंगकाम व जाळेदुरुस्ती यांबरोबरच यंत्रदुरुस्तीचा हंगामही हाच असतो.

यंत्राची शक्ती पंख्यापर्यंत नेणारा शाफ्ट हा नौकेचा अत्यंत महत्त्वाचा, परंतु सर्वांत कमी दिसणारा भाग होय. त्याच्या मागील टोकास उतरता निमुळता भाग, चावीची खाच आणि शेवटी आटे असतात. पंखा निमुळत्या भागावर बसतो आणि आट्यांवरील नट त्यास घट्ट धरून ठेवतो. शाफ्ट हाताळताना पाइप पान्याचे दात, छिन्नीची धार, हातोड्याचा घाव किंवा लेथच्या पकडीचे जबडे यांच्या खुणा त्यावर उमटतात. आटे पाडण्यापूर्वी या खुणांचे काय करावे, या प्रश्नाचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

घावाची दोन अंगे

हत्याराचा घाव बसला की धातू नाहीसा होत नाही, तर तो सरकतो. म्हणून प्रत्येक घावास दोन अंगे असतात : पृष्ठभागाखाली गेलेली खाच आणि तिच्या कडेने वर आलेला उंचवटा. डोळ्यांस प्रथम खाच दिसते आणि ती भरून काढावी असा विचार सहज मनात येतो. वास्तविक जोडणीच्या दृष्टीने तात्काळ उपद्रव उंचवट्याचा असतो, तर खाचेचा उपद्रव ती कोठे आहे यावर अवलंबून असतो. ही दोन अंगे वेगळी ओळखणे हा या विषयाचा पाया होय.

उंचवट्यामुळे शाफ्ट पकडीत वा आधारात तिरका बसतो. तशा स्थितीत पाडलेले आटे शाफ्टच्या मूळ अक्षाशी जुळत नाहीत. नट एका बाजूने अधिक दाबतो आणि पंखा निमुळत्या भागावर सर्वत्र सारखा टेकत नाही. डाय वापरल्यास टोकावरील उंचवट्यामुळे ती सुरुवातीसच वाकडी लागण्याचा संभव असतो.

स्थानानुसार विचार

पहिले स्थान म्हणजे जेथे आटे पडावयाचे तो भाग. उदाहरणार्थ, ३० मि.मी. व्यास व २ मि.मी. अंतराचे मेट्रिक आटे घेऊ. आट्याची खोली अंतराच्या सुमारे ०.६१३ पट, म्हणजे १.२३ मि.मी. इतकी असते. ०.३ मि.मी. खोल खाच या खोलीच्या पुष्कळ वर राहते. आटे पाडताना तिचा बराचसा भाग आपोआप कापला जातो आणि उर्वरित अंश केवळ आट्यांच्या माथ्यावर उरतो. टोकाचा परीघ सुमारे ९४ मि.मी. असल्याने ३ मि.मी. लांबीची खूण एका फेऱ्याचा जेमतेम तीन टक्के भाग व्यापते. याउलट, खाच संपूर्ण नाहीशी करण्यासाठी टोक लेथवर छाटल्यास व्यास २९.४ मि.मी. होतो. ६ जी या प्रचलित मर्यादेनुसार हा व्यास २९.६८२ मि.मी.पेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे एक निरुपद्रवी खूण घालविण्याच्या नादात सर्वच आटे तोकडे होतात. येथे केवळ उंचवटा काढणे पुरेसे होय.

दुसरे स्थान म्हणजे निमुळता भाग. येथेही उंचवटा काढून प्रशियन ब्लूने पंख्याची बैठक तपासावी. खाचेच्या जागी रंग न लागलेला लहान ठिपका दिसल्यास हरकत नसते, मात्र उर्वरित बैठक सलग असावी.

तिसरे स्थान सर्वांत नाजूक आहे. ते म्हणजे आटे संपतात तेथील गळा, निमुळत्या भागाचा जाड शेवट आणि चावीच्या खाचेचे टोक. येथे खाच तशीच ठेवणे धोक्याचे असते.

खाच घातक का ठरते?

रेल्वेच्या आसांवर ऑगस्ट व्होलर यांनी १८६०च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हे सिद्ध केले की, एका वेळी सहज पेलणारा भार वारंवार उलटसुलट आला तर धातू तुटतो. पंख्याच्या वजनाने व पाण्याच्या दाबाने वाकणाऱ्या शाफ्टवर प्रत्येक फेऱ्यात ताण व दाब आलटून पालटून येतात. मिनिटास ६०० फेरे धरल्यास तासाला ३६,००० आणि सुमारे २८ तासांत दहा लाख आवर्तने होतात. खाऱ्या पाण्याच्या संपर्कात पोलादाची ही सहनशक्ती आणखी घटते.

सी. ई. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये मांडलेले सूत्र येथे मार्गदर्शक आहे. खाचेच्या तळाशी ताण किती पट वाढतो हे तिची खोली व तळाची त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. त्या वर्गमुळाची दुप्पट करून त्यात एक मिळवावा. हे सूत्र सपाट पट्टीसाठी असल्याने शाफ्टला ते तंतोतंत लागू होत नाही, परंतु तुलनेसाठी उपयुक्त आहे. ०.३ मि.मी. खोल छिन्नीच्या खुणेची तळत्रिज्या ०.०५ मि.मी. असेल, तर ताण सुमारे ५.९ पट होतो. तीच खाच, खोली तितकीच ठेवून, ३ मि.मी. त्रिज्येची पसरट केली तर तो १.६ पटीवर येतो.

यासाठी मोजावी लागणारी किंमत अल्प आहे. ४० मि.मी. शाफ्टचा व्यास सर्व बाजूंनी घासून ३९.४ मि.मी. झाला, तरी पिळाविरुद्धचे बळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आतच घटते. थोडा धातू गमावून शाफ्ट अधिक सुरक्षित होतो, ही वरकरणी विसंगत वाटणारी गोष्ट विद्यार्थ्यांस आवर्जून समजावून द्यावयास हवी.

कार्यपद्धती

प्रथम शाफ्ट रॉकेलने स्वच्छ करून भिंगाखाली पाहावा. खाचेतून तडा गेल्याची शंका असल्यास रंगद्रव्य-चाचणी करावी. तडा आढळल्यास ते नुकसान किरकोळ राहत नाही आणि तो शाफ्ट बाद करणेच योग्य. त्यानंतर मुलायम कानस सपाट धरून केवळ उंचवटा उतरवावा आणि तेलाच्या दगडाने साफ करावे. पोलादी पट्टी आडवी ठेवून प्रकाश पाहिल्यास उंचवटा शिल्लक आहे काय ते कळते. नाजूक स्थानावरील खाच लांबट व उथळ करून शेवटचे घर्षण शाफ्टच्या लांबीच्या दिशेने करावे, कारण आडवे ओरखडे स्वतःच नव्या खाचा ठरतात.

शाफ्टच्या टोकातील ६० अंशांचे मध्यछिद्र ठेचले गेले असल्यास, बेअरिंगच्या पृष्ठभागावर डायल गेज लावून शाफ्ट सरळ करावा व ते हलकेच पुन्हा कापावे. जबड्यांखाली तांब्याची पट्टी द्यावी. डायल गेजने अक्ष पुन्हा तपासूनच लेथवर आटे पाडावेत.

खाच वेल्डिंगने भरणे टाळावे. उष्णतेने शाफ्ट वाकतो, मध्यम कार्बन पोलाद जोडाशेजारी ठिसूळ होते आणि ३०४ जातीच्या स्टेनलेस पोलादात ४५० ते ८५० अंश सेल्सिअस तापलेल्या पट्ट्याची गंजरोधकता घटते.

निष्कर्ष

आटे पाडण्यापूर्वीची दुरुस्ती म्हणजे पृष्ठभाग पूर्ववत दिसावा यासाठी केलेली सजावट नव्हे. उंचवटा सर्वत्र काढावा; आट्यांच्या जागेतील उथळ खाच राहू द्यावी; ताणाच्या जागेतील खाच पसरट करावी; आणि कोणतीही खाच भरू नये, असे या विवेचनाचे सार सांगता येईल. नळीच्या आत शाफ्ट तुटल्यास पंख्यासह त्याचा तुकडा बाहेर सरकून समुद्राचे पाणी नौकेत शिरू शकते, आणि किनाऱ्यापासून दूर असलेल्या खलाशांच्या हाती तेव्हा फारसे काही उरत नाही. नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात उतरणाऱ्या नौकेची सुरक्षितता पावसाळ्यातील काही मिनिटांच्या कानसकामावरही अवलंबून असते. यंत्रशास्त्राच्या वर्गातील सूत्र आणि किनाऱ्यावरील फिटरचा अनुभव या ठिकाणी एकच गोष्ट सांगतात. ती दोघांनी एकमेकांस समजेल अशा भाषेत सांगावी, ही महाविद्यालयीन अध्यापनाची जबाबदारी आहे.