व्होल्टेज उतरलं, बिल उतरतं का?

१ जानेवारी १९९५ला ब्रिटनमधलं विजेचं अधिकृत व्होल्टेज २४०वरून २३० झालं. त्यासाठी देशभरचे ट्रान्सफॉर्मर मात्र बदलावे लागले नाहीत. युरोपात २२० होतं, ब्रिटनमध्ये २४०. दोघांनी मधला आकडा धरला आणि चढउताराची मुभा अशी आखली, की दोन्हीकडे जुनीच वीज वाहत राहावी. ब्रिटनची नवी मर्यादा ठरली साधारण २१६ ते २५३ व्होल्ट. कागद बदलला, पण दुकानं, कचेऱ्या, इस्पितळं यांच्यापर्यंत पूर्वीसारखीच २४०च्या आसपास वीज येत राहिली. युरोपच्या बाजारासाठी बनलेली उपकरणं तर २२०वरही सुखाने चालणारी होती.

या फटीतून एक अख्खा धंदा उभा राहिला. मुख्य पॅनेलपाशी एक पेटी बसवायची, येणारं व्होल्टेज २२०पर्यंत उतरवायचं आणि बिल वाचवायचं. याचं नाव ‘व्होल्टेज ऑप्टिमायझेशन’.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे ऐकून हसू येईल. व्होल्टेज पडलं की विहिरीवरची मोटार जळते, हे त्याने किती वेळा भोगलेलं असतं! त्याचं खरं आहे, आणि पेटीवाल्याचंही अर्धं खरं आहे.

पेटीवाल्याचं गणित असं: २४२चं २२० केलं तर व्होल्टेज ९ टक्के घटतं, पण हीटर ओढत असलेली शक्ती १७ टक्के घटते. कारण ती व्होल्टेजच्या वर्गानुसार बदलते. या गणिताच्या मुळाशी आहे जेम्स ज्यूल.

मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधल्या बिअर गाळणाऱ्या धनिक घराण्यातला हा मुलगा. घरच्या कारखान्यातलं वाफेचं इंजिन काढून विजेची मोटार बसवणं परवडेल का, हा त्याला पडलेला प्रश्न. बॅटरीत खर्ची पडणारं जस्त आणि इंजिनात जळणारा कोळसा यांचा हिशेब त्याने मांडला. कोळसा जिंकला. (पहिला एनर्जी ऑडिटर म्हणून त्याची तसबीर लावायला हरकत नाही.) याच खटाटोपात १८४०च्या सुमारास त्याला सापडलं, की तारेतली उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हीटरमधला प्रवाह व्होल्टेजच्याच प्रमाणात बदलतो, म्हणून तिथे व्होल्टेजचा वर्ग.

पेटीवाला ज्यूलला इथेच सोडतो. ज्यूल मात्र थांबला नाही. काम आणि उष्णता ही एकाच ऊर्जेची रूपं, हे तो वर्षानुवर्षं मोजत राहिला. १८४३मध्ये कॉर्कच्या विज्ञान-परिषदेत त्याने ते मांडलं, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८४७मध्ये एका चर्चच्या वाचनालयात त्याने यावर व्याख्यान दिलं, आणि ते सविस्तर छापलं ते ‘मँचेस्टर कुरिअर’ या वर्तमानपत्राने. पदार्थविज्ञानाचा एवढा मोठा नियम वर्तमानपत्रातून वाचकांपुढे आला, ही गोष्ट पुरवणीत लिहिणाऱ्या कुणालाही सुखावणारी.

आता हा दुसरा ज्यूल पेटीसमोर उभा करा. किटलीची शक्ती १७ टक्क्यांनी घटली तरी पाणी उकळायला लागणारी उष्णता तेवढीच. किटली साधारण २१ टक्के जास्त वेळ चालते, बचत शून्य. उलट जास्त वेळात थोडी उष्णता हवेतच जाते. थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या गीझरची आणि ओव्हनचीही तीच गत.

बचत होते ती वेगळ्या ठिकाणी. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट कमी व्होल्टेजवर किंचित मंद जळतात आणि वीज कमी घेतात. कमी भाराने फिरणाऱ्या मोटारीच्या लोखंडी गाभ्यात वाया जाणारी ऊर्जाही घटते. नासाच्या फ्रँक नोला यांना १९७७मध्ये पेटंट मिळालं ते नेमक्या अशा मोटारीचं व्होल्टेज भारानुसार आपोआप उतरवणाऱ्या यंत्रणेचं. शेतकऱ्याची मोटार मात्र पूर्ण भाराने पाणी खेचत असते. व्होल्टेज पडलं की ती जास्त प्रवाह ओढते, वाइंडिंग तापतं आणि जळतं.

आजच्या मॉलमध्ये किंवा कचेरीत काय असतं? एलईडी दिवे, संगणक, इन्व्हर्टर एसी. यातले बहुतेक कमी व्होल्टेज मिळालं की जास्त प्रवाह घेऊन आपली शक्ती कायम राखतात. म्हणजे चोकच्या दिव्यांच्या जमान्यातली टक्केवारी दाखवून आज पेटी विकली जात असेल, तर तिच्याकडे संशयानेच पाहायला हवं. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१०मध्ये देशभरच्या वितरणवाहिन्यांवर व्होल्टेज उतरवलं तर काय होईल याचा अंदाज काढला. उत्तर आलं, वर्षाला सुमारे ३ टक्के वीज वाचेल. देशासाठी ही बचत प्रचंड आहे. एका इमारतीच्या मालकाला मात्र पेटीची किंमत आणि पेटी स्वतः खाते ती वीज, दोन्ही यातून वजा करावी लागतील.

शिवाय मोठ्या इमारतीचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर बहुधा व्होल्टेज अडीच-अडीच टक्क्यांनी वरखाली करणारे टॅप असतात. व्होल्टेज कायमच चढं येत असेल, तर एका सुटीच्या दिवशी वीज बंद करून तज्ज्ञाकडून टॅप बदलून घेता येतो. आधी शेवटच्या मजल्यावर भर दुपारी किती व्होल्ट पोहोचतात ते मोजायचं. मग एक आठवडा जुना टॅप, एक आठवडा नवा, असं आलटून पालटून मीटरचं रीडिंग लिहायचं, आणि सोबत बाहेरचं तापमानही, नाहीतर पावसाने कमी केलेलं एसीचं बिल टॅपच्या खात्यावर जमा होईल.