वसंतातील परसबाग आणि कुंपणापलीकडची फळमाशी

भिलाईच्या पोलाद वसाहतीत फाल्गुनाची चाहूल घरामागच्या वाफ्यांत लागते. फुलकोबीचे शेवटचे गड्डे निघालेले असतात, वाटाण्याचे वेल वाळू लागतात, कोथिंबीर फुलावर येते आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुधी, दोडका, काकडी व भेंडीची लागवड सुरू होते. फेब्रुवारी १९५९ मध्ये येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कुटुंबांनी क्वार्टरामागच्या जागेत आपापल्या आवडीची भाजी रुजविली. छत्तीसगडी शेतकऱ्याच्या घरालगतची ‘बाडी’ मात्र त्याहून पुष्कळ जुनी. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या वाडीची ती सख्खी बहीणच म्हणावी.

वेलवर्गीय भाज्यांचे भवितव्य बी उगवल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात बरेचसे ठरते. पालापाचोळ्यात आणि तणांत हिवाळा काढलेले तांबडे भुंगेरे ऊन वाढताच बाहेर पडतात व कोवळ्या बीजदलांची चाळण करतात. दोन पानांचे रोप या हल्ल्यात पाहता पाहता संपते. चार-पाच खऱ्या पानांचे रोप तोच हल्ला बहुधा सोसते. म्हणून बी थेट आळ्यात न टोकता पिशव्यांत, बारीक जाळीखाली रोपे वाढवून लावणे श्रेयस्कर. भुंगेरे पहाटेच्या गारव्यात सुस्त असतात. त्या वेळी ते हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. राख धुरळण्याची जुनी रीत दव असेपर्यंत उपयोगी पडते, परंतु वाऱ्यापाण्याने राख निघून जाते. कारल्यावर या किडीचा त्रास तुलनेने कमी आढळतो.

फळमाशीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आतला गर खातात आणि पूर्ण वाढल्यावर जमिनीत उतरून कोशावस्थेत जातात. किडलेली काकडी कुंपणापलीकडे भिरकावली किंवा घुरुव्यावर, म्हणजे उकिरड्यावर, टाकली की पुढच्या पिढीची सोय आपणच करून दिल्यासारखे होते. अशी फळे रोज गोळा करून दोन फूट खोल पुरावीत किंवा जाड प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून काही दिवस उन्हात ठेवावीत.

सापळ्यांबाबत एक चूक वारंवार दिसते. आंब्यावरील फळमाशीसाठी वापरले जाणारे मिथाईल युजेनॉल वेलवर्गीय पिकांत टांगले जाते. तेथील फळमाशी त्याकडे येत नाही, तिच्यासाठी क्यू-ल्यूर लागते. तेही केवळ नरांना आकर्षित करते. एकाच परसात सापळा लावला, तर शेजारच्या दुर्लक्षित वेलांवरून समागम झालेल्या माद्या येतच राहतात. सापळ्यात माश्या भरपूर पडल्या आणि तरीही काकडी किडली, अशी तक्रार येते तिचे एक कारण हेच. विस्तार कार्यकर्त्यांनी म्हणूनच घर हे एकक न मानता गल्ली हे एकक मानावे आणि रांगेतील सर्व परसांत एकाच आठवड्यात सापळे लावून घ्यावेत. ज्याच्याकडे सापळा नाही, त्याने निदान परागीभवन झालेली कोवळी फळे कागदी पिशवीने झाकावीत.

फवारणीची वेळ हाही असाच दुर्लक्षित विषय. मधमाश्या वाचाव्यात म्हणून सायंकाळी फवारावे, हा सल्ला काकडी व कारल्याला योग्य आहे, कारण त्यांची फुले सकाळी उमलतात. दुधी आणि दोडक्याची फुले मात्र सायंकाळी उमलतात व निशाचर पतंग त्यांना भेट देतात. एकाच मांडवावर दोन्ही असतील, तर फवारणीला निर्धोक वेळ उरतच नाही. मुले खेळतात, भाजी रोज तोडली जाते, अशा जागी रासायनिक औषध टाळण्याचे हे आणखी एक कारण. फुलावर आलेल्या कोथिंबिरीची चार झाडे मात्र उपटू नयेत; त्यांच्या मधावर सिरफिड माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात.

फेब्रुवारीच्या मध्यात लावलेल्या दुधीचे पहिले फळ साधारणपणे चैत्रात उतरते. फळे धरू लागल्यापासून आळ्याभोवतीची वरची माती दर आठवड्यास हलक्या हाताने हलवावी. कोश उघड्यावर येतात आणि साळुंक्या, कोंबड्या ते टिपतात.