ठोकलेली १९६७ची मस्टँग घ्यायची? आधी पाणी ओता

अमेरिकेतल्या जुन्या मसल कारच्या जाहिराती रात्री जागून बघणाऱ्या मंडळींसाठी ही पोस्ट. १९६७ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक पुढून चेपलेली दिसली, की लोक दचकतात. मला विचाराल तर चेपलेलं फेंडर ही किरकोळ गोष्ट. फेंडर, बॉनेट, दरवाजे आजही नवे बनून मिळतात. घात करतो तो गंज, तोही न दिसणारा.

पुढच्या काचेखाली हवा आत घेणाऱ्या जाळ्या असतात. त्यांच्याखालची पत्र्याची पोकळी, म्हणजे काउल, आतून सडते. जाळीवर तांब्याभर पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली डोकं घाला. गालिच्यावर टपटप सुरू झाली, तर काउल उघडायला त्याचे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवायचे आहेत असं धरून चला. काम जिकिरीचं, मजुरी खाणारं. भाव तिथेच पाडून मागा.

ह्या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून इंजिनच्या खणाची दोन्ही कर्णमापं घ्या. जुळली नाहीत, तर गाडी फ्रेम मशीनवर चढवून ओढावी लागणार. खिशात लोहचुंबकही असू द्या, जाड पुट्टीवर तो चिकटत नाही.

आणि व्हीआयएनचं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचं, पाचवं अक्षर वाचाच! सी म्हणजे २८९ क्युबिक इंचांचं साधं व्ही-८, एस म्हणजे ३९०, टी म्हणजे सहा सिलिंडरवालं. विकणारा बॉनेट उघडून काहीही दाखवेल. कारखान्यातून काय निघालं ते हे अक्षर सांगतं. हा नंबर इंजिनखणात डाव्या पत्र्यावर ठोकलेला असतो. तिथला पत्रा खाडाखोड केलेला दिसला, तर सरळ पुढची जाहिरात बघा.